झोपेत दात खाणे

सन २०२४ चा नाताळ आटोपल्यावर आम्ही चार दिवस सुरतेस, भेस्तान येथे, आमच्या मावसभावाकडे मुक्कामास गेलो होतो. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी सचिन मागे टाकून उधन्याकडे निघाली की मध्ये जे स्थानक लागते तेच भेस्तान. एके काळी हे निराळे गाव होते. आता सुरत शहराने ते आपल्या पोटात घेतले आहे. एका अंगास पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास सचिनची आणि मधल्या वस्त्यांतून कापडाच्या धंद्यावर जगणारी माणसे दाटीने राहतात. उधन्याहून जो दुसरा लोहमार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास जातो, त्या मार्गाने खानदेशातील कितीतरी कुटुंबे इकडे येत राहिली. म्हणून येथील गल्ल्यांत गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणीही सहज कानी पडते. आमचे दादाही असेच पंचवीस वर्षांपूर्वी आले आणि यंत्रमागावर कारागीर म्हणून राहिले.

घर म्हणजे एक खोली आणि त्यामागे स्वयंपाकापुरती जागा. रात्री आम्ही पाचजण ओळीने निजलो. दादांची रातपाळी होती, ते घरी नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर आम्हांस जाग आली ती एका चमत्कारिक आवाजाने. कोरड्या जात्यात दाणे न घालताच कोणी खुंटा फिरवावा तसा तो आवाज होता. काही क्षण चाले, थांबे, पुन्हा चाले. उंदीर असावा म्हणून आम्ही दिवा लावला. पाहतो तो दादांचा सात वर्षांचा धाकटा मुलगा गाढ झोपेत, तोंड किंचित उघडे आणि खालचा जबडा बाजूस सरकवून करकर दात खातो आहे! सकाळी त्यास विचारले तर त्याला कशाचाच पत्ता नाही. मावशी मात्र जात्याच शहाण्या. त्या म्हणाल्या, "जंत झालेत त्याला, दुसरं काय! तीनदा औषध दिलं, पण जात नाहीत मेले."

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर आम्ही हा लेख लिहिण्यास बसलो नसतो. त्याच दिवशी दुपारी दादा रातपाळीहून येऊन, जेवून निजले होते. वहिनी खिडकीपाशी साड्यांचे लोंबते धागे कापीत बसल्या होत्या. सुरतेत असंख्य बायका हे काम घरी आणून करतात. आणि रात्रीचाच आवाज पुन्हा सुरू झाला; फक्त या वेळी तो जाड होता आणि दादांच्या गालावरील स्नायू दगडासारखा वर आलेला आम्हांस स्पष्ट दिसत होता. वहिनींनी कात्री खाली ठेवली. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, हे असंच चालतं. जागेपणी एक शब्द वावगा बोलत नाहीत, अन् झोपेत माझ्यावर दात-ओठ खातात. माझ्यावर कसला राग आहे तेवढं तरी विचारा त्यांना."

कित्येक वर्षे त्या बाईने ही समजूत उराशी बाळगली होती आणि कोणापाशी काढली नव्हती. आम्ही त्याच क्षणी त्यांस सांगितले की, वहिनी, हा राग नव्हे. परंतु नुसते "नव्हे" म्हणून कोणाचे समाधान होत नसते. म्हणून त्यानंतर आम्ही या विषयावर जे वाचले, दातांच्या डॉक्टरांस जे विचारले आणि त्या घरी पुढे जे घडले ते येथे मांडीत आहोत.

वहिनींची चूक झाली ती भाषेमुळे. आपल्या मराठीत संतापाला "दात-ओठ खाणे" म्हणतात आणि निजलेल्या माणसाच्या जबड्याच्या हालचालीलाही "दात खाणे"च म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडले. हे आपल्याकडेच घडले असे नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात रडण्याबरोबर दात खाण्याचा उल्लेख सहा वेळा येतो. तेथील मूळ ग्रीक शब्द "ब्रुग्मॉस" आहे. डॉक्टर मंडळी आज ज्या स्थितीला "ब्रक्सिझम" म्हणतात ते नाव त्याच ग्रीक धातूपासून निघाले आहे. १९०७ मध्ये मारी आणि पिएत्कीविच या फ्रेंच वैद्यांनी त्यावरून "ब्रुक्सोमानी" असा शब्द बनविला, म्हणजे त्यांनाही त्यात काही वेडाचाच भास झाला असावा! परंतु शुभवर्तमानातील दात खाणे हे जाग्या आणि पस्तावलेल्या जिवाचे आहे. निजलेल्या माणसाच्या दात खाण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि कोणा आजीबाईने तसा संबंध जोडून पोराला भिववू नये.

मग निजल्यावर घडते तरी काय? झोप ही विहिरीच्या पाण्यासारखी एकाच पातळीवर स्थिर नसते. ती खोल जाते, वर येते, पुन्हा खोल जाते. उथळ झोपेत असताना मेंदू मधूनमधून काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठाशी येतो. माणसाला जाग येत नाही, सकाळी आठवणही राहत नाही. या अर्धवट जागृतीत प्रथम मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात, आणि मग जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एक या तालाने आवळू लागतात. असा ताल थोड्याफार प्रमाणात पुष्कळ निरोगी माणसांतही असतो. ज्यांच्यात तो जास्त वेळा आणि जास्त जोराने येतो त्यांचे दात एकमेकांवर घासतात. म्हणजे हा खेळ मेंदूचा आणि झोपेचा आहे, स्वभावाचा नव्हे. पूर्वी समजत की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून असे होते. ती समजूत आता तज्ज्ञांनी सोडली आहे. २०१८ मध्ये निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी मिळून असेही म्हटले की, एरवी निरोगी असलेल्या माणसात याला रोग म्हणण्यापेक्षा जबड्याच्या स्नायूंची एक हालचाल म्हणावे, जिच्यामुळे पुढे अपाय होऊ शकतो. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. दात खाणाऱ्या प्रत्येकास औषधोपचार लागत नाही. ज्याचे नुकसान होते आहे त्यास मात्र लागतो.

आणि हे अगदी विरळ आहे असेही नाही. १९९४ मध्ये कॅनडात मोठ्या माणसांची पाहणी झाली, तीत शंभरातील सुमारे आठजणांनी आपण झोपेत दात खातो असे सांगितले. तरुणांत हे प्रमाण अधिक आणि साठीनंतर पुष्कळच कमी दिसले. मुलांत तर ते मोठ्यांहून जास्त असते. शिवाय हे आकडे ज्यांना कोणीतरी सांगितले त्यांचेच. कारण दात खाणाऱ्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही, आणि पुष्कळजण आवाज न करता नुसतेच दात आवळून धरतात.

येथे भेस्तानची आणि एकंदर सुरतेची एक निराळी अडचण आमच्या लक्षात आली. पुस्तकांत लिहिलेले असते की शेजारी निजणाऱ्याने ऐकावे. येथे रातपाळीचा माणूस भर दिवसा निजतो. त्या वेळी पोरे शाळेत असतात, बाहेर रिक्षांचा आणि लाऊडस्पीकरचा गोंगाट असतो, जबड्याची करकर कोणास ऐकू येणार? ज्यांची कुटुंबे गावी आहेत असे कारागीर तर एका खोलीत कितीतरी जण राहतात. दिवसपाळीचे कामावर गेले की त्यांच्याच जागी रातपाळीचे येऊन पडतात. ज्याने ऐकावे तो त्या वेळी मागावर उभा असतो, आणि मागाच्या खडखडाटात बारा तास काढलेल्या माणसाच्या कानांना खोलीत आल्यावर बारीक आवाज कितीसे लागणार? दादांचे नशीब म्हणून वहिनी धागे कापीत घरी बसत होत्या. अशा एकट्या माणसाने स्वतःचे तोंडच आरशात पाहावे.

काय पाहावे? सकाळी, किंवा ज्याची जी सकाळ असेल तेव्हा, उठल्याबरोबर जबडा आखडलेला वाटतो का, कानशिलांत बोथट ठणका असतो का, आणि तो तास-दोन तासांत ओसरतो का, हे आधी पाहावे. मग आरशात सुळे पाहावेत. सुळ्यांची टोके झिजून पटाशीच्या दातांच्या सरळ रेषेत आली असतील तर ती मोठी खूण. दाढांचे उंचवटे सपाट होऊन चकाकतात. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटून ती करंजीच्या मुरडीसारखी दिसते. गालाच्या आतल्या बाजूस दातांच्या रेषेत पांढरट वळ उठतो. थंड पाण्याने दात शिवशिवतात, चांगले भरलेले सिमेंट पुन्हा पुन्हा निखळते. कानापुढे बोटे ठेवून तोंड उघडले तर सांधा कटकट वाजतो. कोणाकोणाचे गालफड रुंद होते आणि माणूस चौकोनी चेहऱ्याचा दिसू लागतो. यातील एकट्या खुणेवरून निदान करू नये. आंबट फार खाणाऱ्याचे, किंवा रात्री छातीत जळजळून घशाशी आंबट येणाऱ्याचेही दात झिजतात. आणि ही आंबट पाण्याची तक्रार व दात खाणे ही पुष्कळदा एकाच माणसात सापडतात.

झीज एवढी काय करणार, असे कोणी म्हणेल. दातावरील पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हे आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. परंतु ते दाढेच्या टोकावरही फार तर अडीच मिलिमीटर जाड असते आणि त्यात जिवंत पेशी नसल्याने एकदा गेले की पुन्हा येत नाही. नख वाढते, केस वाढतो, मोडलेले हाड सांधते. दात तेवढा सांधत नाही. दिवसा जेवताना दात एकमेकांस लागतात ते क्षणभर, आणि मध्ये घास असतो. झोपेत घास नसतो आणि दुखले की सोडून देण्याची जागेपणीची शुद्धही नसते. जपानी संशोधकांनी २००१ मध्ये निजलेल्या माणसांच्या दातांत मोजमापाचे साधन बसवून पाहिले, तेव्हा एकेक आवळणी सरासरी सात सेकंद टिकत होती आणि तिचा जोर सरासरी बावीस किलोच्या घरात होता. अर्धा गोणा धान्य एका दाढेवर ठेवावे आणि असे रात्रीतून अनेक वार करावे. त्यातून जे व्हावयाचे ते होते.

दादांचे तेच झाले होते. दोन वर्षांपूर्वी फुटाणे खाताना त्यांची एक दाढ चिरली. सर्वांनी फुटाण्याला दोष दिला. (सुरतेत थंडीत कोवळ्या ज्वारीचा जो पोंक मिळतो तो त्या दिवसांत वहिनी आम्हांस भरभरून वाढीत होत्या, पोंकाने कोणाची दाढ तुटल्याचे ऐकिवात नाही, हे त्या बिचाऱ्या धान्यासाठी येथे नमूद करून ठेवतो.) खरे पाहता दाढ आधीच तडकली होती, फुटाणा निमित्त झाला. त्या वेळी एका दवाखान्यात त्यांस सांगण्यात आले की तुमचे दात जुळत नाहीत म्हणून हे होते, आणि दोन चांगल्या दाढांचे उंचवटे घासून कमी करण्यात आले. पैसे गेले, दाढांचे कवच गेले, आणि रात्रीची करकर होती तशीच राहिली. आम्ही वर सांगितलेच आहे की दात न जुळणे हे याचे कारण नव्हे. म्हणून झोपेत दात खाण्यावर उपाय म्हणून जो कोणी निरोगी दात घासून कमी करण्याचा किंवा सगळ्या दातांवर टोप्या चढविण्याचा सल्ला देईल, त्यास वाचकांनी नम्रपणे "विचार करून सांगतो" म्हणावे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. जे परत आणता येत नाही असे काही या बाबतीत घाईने करू नये.

आम्ही दादांस घेऊन मजुरा गेटजवळील नव्या सिव्हिल रुग्णालयाच्या दंतविभागात गेलो. तेथील डॉक्टरांनी प्रथम काय केले असेल? दादांना त्यांचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगितली. निरोगी माणसाची तीन बोटे बहुधा सहज जातात. दादांची दोनच गेली. आम्हांस वाटले, दात खाऊन जबडा आखडला असेल. डॉक्टरांनी गालाच्या आत बोट फिरवून पाहिले आणि विचारले, "मावा किती खाता?" दादा खाली पाहू लागले. रातपाळीत झोप येऊ नये म्हणून सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा मावा रात्रीतून आठ-दहा वेळा गालात जाई. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू निबर आणि पांढरट होते, तिखट झोंबू लागते, आणि तोंड वर्षावर्षाने कमी उघडू लागते. हा विकार निराळा, आणि कर्करोगाच्या वाटेवरचा. सुपारी सोडली तर त्याची वाढ थांबण्याची आशा असते. गेलेली मऊपणा बहुधा पूर्ण परत येत नाही. आम्ही गेलो होतो दातांसाठी आणि सापडले हे. ज्या घरात मावा, गुटखा किंवा सुपारीची सवय आहे त्या घरातील माणसाने जबडा आखडल्याचे खापर झोपेतल्या दात खाण्यावर फोडून स्वस्थ बसू नये, हे आम्ही आवर्जून लिहितो. आणि तंबाखू, मग ती ओढलेली असो की खाल्लेली, दात खाण्यालाही अनुकूल नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत झोपेत दात खाण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले आहे. मद्य आणि रात्रीचा कडक चहा-कॉफी यांचीही तीच तऱ्हा. कारण उघड आहे. जे झोप उथळ करते, तेच जबड्याला जागे करते.

डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले. पहिला, मनाच्या उदासीनतेवर किंवा चिंतेवर काही गोळ्या चालू आहेत का. कारण त्यांतील काही गोळ्यांनी दात खाणे सुरू होते किंवा वाढते. असे कोणाच्या बाबतीत असेल तर त्याने ते आपल्या डॉक्टरास सांगावे, गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. ते दात खाण्याहून कितीतरी घातक ठरेल. दुसरा प्रश्न वहिनींना होता: हे घोरतात का, आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबून मग दचकून सुरू होतो का? झोपेत श्वास अडण्याच्या या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. तो असला की मेंदूला रात्रभर पुन्हा पुन्हा काठावर यावे लागते, आणि पुष्कळांत त्याजबरोबर दात खाणेही चालते. अशा माणसाने आधी श्वासाची तपासणी करून घ्यावी. कारण दातांवर बसविण्याच्या काही गार्डांनी श्वास अडणे उलट वाढल्याचे काही रुग्णांत दिसले आहे. दादा घोरत नव्हते. वहिनींनी मोठ्या निश्चयाने सांगितले, "घोरत नाहीत हो, नुसतेच दात खातात." त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या मोकळेपणी निघालेले आम्ही प्रथमच ऐकले.

मग गार्डाचे ठरले. गार्ड म्हणजे दातांच्या वर बसणारे, पारदर्शक, कठीण ॲक्रिलिकचे पातळ आवरण. मापाचा मऊ मसाला तोंडात धरून दातांचा साचा घेतात, प्लॅस्टरचा नमुना करतात आणि त्यावर हे घडवितात. बसविताना रंगीत कागद चाववून कुठे टोचते ते पाहून घासून सारखे करतात. दादांचे तोंड कमी उघडत असल्याने माप घेण्यास दोन खेपा लागल्या. दुकानात गरम पाण्यात बुडवून चावण्याचे जे मऊ गार्ड मिळतात ते घेण्याचा मोह होतो. परंतु मऊ वस्तू तोंडात आली की काहींचा जबडा ती अधिकच चावू लागतो. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितली ती आम्हांस आवडली. गार्डाने दात खाणे बंद होत नाही. २००७ मध्ये कोक्रेन या संस्थेने त्यावरील सर्व अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दात खाणे त्यामुळे बरे होते असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांस आढळला नाही. दात झिजण्यापासून वाचावे एवढाच त्याचा उपयोग. ढाल घेतल्याने शत्रूचे हात थांबत नाहीत, परंतु वार ढालीवर पडतो. गार्ड थंड पाण्याने ब्रशने धुवावे, गरम पाण्याने ते वाकते. डबीत कोरडे ठेवावे आणि दर सहा महिन्यांनी दाखवावे. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्सची सुई देण्याचा उपायही हल्ली सांगतात. त्याने आवळण्याचा जोर काही महिने कमी होतो, आवळणे थांबत नाही, आणि खर्च पुष्कळ. दादांस त्याची गरज नव्हती.

उरलेले उपाय बिनपैशाचे, आणि म्हणूनच टिकविण्यास अवघड. दिवसा ओठ मिटलेले असले तरी दात एकमेकांस टेकलेले नसावेत. मध्ये दोन-चार मिलिमीटर अंतर हीच जबड्याची विश्रांती. वाचकांनी हे वाचता वाचता आपले दात कोठे आहेत ते पाहावे! जागेपणी दात आवळण्याची सवय असलेल्यास आठवण राहत नाही. म्हणून वहिनींनी साड्यांवर चिकटवण्याच्या टिकल्यांतील लाल टिकल्या दारावर, आरशावर आणि दादांच्या मोबाइलवर चिकटवल्या. टिकली दिसली की दात सोडावयाचे आणि जीभ टाळूला सैल टेकवावयाची. जबडा आखडला तर ऊन पाण्यात पिळलेले फडके दहा-पंधरा मिनिटे गालावर धरावे. ऊस, फुटाणे, च्युइंगम काही दिवस बंद. रातपाळीचा शेवटचा चहा पाळी सुटण्याच्या चार-पाच तास आधी घ्यावा, खिडकीला जाड पडदा लावावा, मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा. पंधरा दिवसांनी पाळी बदलते आणि झोपेचे घड्याळ पुन्हा उलटे फिरते. त्यावर ना डॉक्टरांपाशी इलाज होता ना आमच्यापाशी. पाळी बदलण्याच्या आठवड्यात करकर वाढते हे मात्र वहिनींनी आपल्याच ध्यानाने ओळखले होते.

चिंतेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण हल्ली प्रत्येक दुखण्याचे मूळ "टेन्शन" असे सांगून मोकळे होण्याची चाल पडली आहे. मनावर भार असलेली माणसे आपण दात खातो असे अधिक वेळा सांगतात, हे खरे. भाराने झोप उथळ होते, हेही खरे. परंतु त्यावरून दात खाणारा प्रत्येक माणूस मनात काही दाबून ठेवतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे वहिनींच्याच चुकीला नवा सदरा घालण्यासारखे आहे.

आता मुलाकडे वळू. जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध आपल्याकडे इतका पक्का धरलेला आहे की मावशींची समजूत काढणे डॉक्टरांसही जमले नाही. जंत पुष्कळ मुलांना होतात, दात पुष्कळ मुले खातात. तेव्हा दोन्ही एकाच मुलात सापडणे नवलाचे नाही. एकामुळे दुसरे होते असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या बारीक जंतांनी झोप मोडते, एवढे म्हणता येईल. जंताचे औषध अवश्य द्यावे. सरकारनेच २०१५ पासून १० फेब्रुवारी हा दिवस त्यासाठी ठरविला आहे आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. परंतु दात खाणे थांबेना म्हणून महिन्या-महिन्याला औषध पाजू नये.

दुधाचे दात झिजले तर त्याची फार धास्ती घेण्याचे कारण नाही. ते पडावयाचेच असतात, आणि बहुतेक मुले मोठी होता होता दात खाणे आपोआप सोडतात. जबडा वाढत असल्याने मुलांना गार्डही सहसा देत नाहीत. मात्र आम्हांस त्या पहिल्या रात्रीचे मुलाचे उघडे तोंड आठवत होते. विचारता कळले की तो रोज तोंडाने श्वास घेतो, घोरतो, आणि शाळेत पेंगतो म्हणून बाईंची तक्रार आहे. डॉक्टरांनी त्यास कान-नाक-घशाच्या विभागात पाठविले. टॉन्सिल सुजलेले आणि नाकामागची गाठ, जिला ॲडिनॉइड म्हणतात, ती वाढलेली निघाली. अशा मुलांत श्वासाची वाट मोकळी झाल्यावर दात खाणेही कमी झाल्याचे पुष्कळदा आढळते. मावशींनी एवढेच विचारले, "म्हणजे घशात जंत नव्हते ना?" ते नव्हते, हे ऐकून त्यांचे पुष्कळसे समाधान झाले.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही पुन्हा भेस्तानास गेलो. मुलाची शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली होती. तो तोंड मिटून निजतो, आणि आम्ही होतो त्या दोन रात्रींत एकदाच, तेही थोडा वेळ, त्याने दात खाल्ले. दादांचा मावा दहावरून दोनवर आला आहे असे ते सांगतात; वहिनींच्या मते चारवर. तोंड अजून दोनच बोटे उघडते आणि दर तीन महिन्यांनी ते दाखवावे लागते. गार्डाचे सहा महिने भरले होते म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी ते उजेडात धरून दाखविले. उजव्या दाढांच्या जागी ॲक्रिलिकवर आडवे-तिडवे ओरखडे पडले होते, एका ठिकाणी तर चांगला खळगा झाला होता. दाढांवर नवी झीज दिसत नव्हती. दादा बराच वेळ ते आवरण हातात घेऊन पाहत राहिले. आपण झोपेत काय करतो हे त्यांनी प्रथमच पाहिले होते. मग त्यांनी ते वहिनींच्या हाती दिले.

दुपारी ते निजण्यापूर्वी वहिनी डबी उघडून गार्ड त्यांच्या पुढे करतात, ते तोंडात गेल्याचे पाहतात, आणि खिडकीचा पडदा ओढून, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धागे कापावयास बसतात. आवाज अजून होतो, परंतु पूर्वीपेक्षा दबका.